एकादशीचे ताट



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आषाढी तोंडावर आलेली असेल. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर पुढे गेलेली असेल आणि घरोघरी माउल्या कांदेनवमीच्या तयारीला लागल्या असतील. त्यानंतर चातुर्मास. आपले बहुतेक सगळे सण याच चार महिन्यांत दाटीवाटीने बसलेले आहेत. नागपंचमी, गोकुळाष्टमी, पोळा, गणपती, आपल्या वऱ्हाडातल्या महालक्ष्म्या, पितृपाठ, नवरात्र, दसरा, दिवाळी. व्रतांचे महिने हेच आणि पुरणाचे महिनेही हेच. या काळात काय खावे आणि किती खावे, याविषयी मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. गळा गेल्यापासून गादीवर उभा राहत नाही, म्हणून लिहितो.

चाळीस वर्षे कीर्तन केले. त्यात ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. हमखास हशा यायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण सकाळीच त्यांनी पातेलेभर साबुदाण्याची उसळ केलेली असायची. मग मी ठरलेले निरूपण करायचो. उपवास म्हणजे जवळ राहणे. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि अकरावे मन, ही अकरा देवाजवळ नेऊन बसवायची ती एकादशी. लोक माना डोलवायचे. ‘पुंडलिक वरदा’ झाले की यजमान मला घरी न्यायचे आणि तिथे पाटासमोर ताट मांडलेले असायचे. तुपात परतलेली उसळ, वर दाण्याचे कूट, बाजूला बटाट्याचा कीस, तळलेल्या पापड्या, राजगिऱ्याचे लाडू, केळाचे शिकरण, आटवलेले दूध. अकरा इंद्रियांपैकी दहा त्या ताटावर आणि अकरावे मन उद्याच्या पारण्यावर.

मी खात होतो. खोटे कशाला सांगू? आवडीने खात होतो.

पण यजमानांना मी नावे ठेवणार नाही. तो आग्रह कुठून येतो हे मला ठाऊक आहे. माझा जन्म मेहकर तालुक्यातला, पैनगंगेकाठचा. १९७२ चा दुष्काळ मी पाहिला. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकर थापताना आई रडायची, कारण ती पिठाला चिकट नव्हती. रोजगार हमीच्या कामावर, खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी मिळायची. ज्या माउलीने ते दिवस काढले, तिच्या दारी पुढे महाराज जेवायला आले, तर ती तूप हात आखडून कशी वाढील? तिच्या दृष्टीने वाटीभर तूप म्हणजे दुष्काळ संपल्याची खूण. तिला ‘पुरे’ म्हणणे म्हणजे तिच्या बऱ्या दिवसांना ‘पुरे’ म्हणणे. मी ते कधी म्हणू शकलो नाही.

आळंदीला शिकायला होतो तेव्हा माधुकरीवर राहायचो. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली ती संस्था. झोळीत पाच घरचे जे येईल ते सगळे एकत्र होई. कोणाची भाकर, कोणाचा भात, कोणाचे वरण, सगळ्याची चव एकच. तिथल्या एका वडीलधाऱ्या महाराजांनी आम्हाला धंद्याची गोष्ट सांगितली होती : कीर्तनाआधी पोट अर्धे रिकामे ठेवा. श्वास पोटातून येतो. तिथे पुरण बसले असेल तर चाल वर जात नाही, पावली जड पडते आणि पखवाजवाला ओळखतो. हे अगदी खरे आहे. एकदा चिखलीकडे महालक्ष्म्यांच्या दिवसांत दुपारी पुरणाचे जेवण झाले आणि रात्री नऊला कीर्तन. मूळ अभंगाची चाल चढवायला गेलो तो मधेच दम तुटला. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतले, लोकांना कळले नाही. पखवाजी मात्र नंतर हळूच म्हणाला, “महाराज, आज पुरन बोलत होतं.”

तेवढ्याने मी सुधारलो असे नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी साखर निघाली. घरात सौ.ला त्याआधी दोन वर्षे निघालेली होतीच. दोघांची औषधे एका डब्यात राहू लागली. पण मला सांगायचे आहे ते माझ्या साखरेबद्दल नाही.

त्या वर्षी श्रावणात एका गावी सप्ताह होता. गावाचे नाव लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी कीर्तन सुटल्यावर पाया पडायला माणसांची रांग लागली. त्यात सत्तरी ओलांडलेले एक माळकरी बाबा होते. वाकून पाया पडले आणि कानाशी येऊन म्हणाले, “महाराज, मले साखर हाये. एकादशीले लई चक्कर येते. अर्धी भाकर खाल्ली तं चालन काय?” मी त्यांना हसून पुढे सरकवले. रांग मोठी होती. दुसऱ्या दिवशी कीर्तनात एकादशीचाच विषय निघाला आणि मला त्या बाबांची आठवण झाली. मी त्यांचा प्रश्न गादीवरून मांडला, त्यांच्याच आवाजात. वर म्हणालो, आयुष्यभर मुखात साखर ठेवली नाही ती रक्तात गेली, आता त्या साखरेसाठी पांडुरंगाला सोडणार का? मंडपाने टाळ्या दिल्या. बाबा पुढेच बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली पाहत राहिले. मला ते दिसले होते. पण टाळ्यांच्या आवाजात दिसलेले सगळे मनात उतरत नाही.

त्याच वर्षीच्या कार्तिकी एकादशीला मी जालना जिल्ह्यात कीर्तनाला होतो. सौ. घरी. तिला डॉक्टरांनी साबुदाणा, बटाटा, रताळे बंद सांगितले होते, कारण प्रत्येक एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तिची साखर तीनशेवर जायची. धान्य तर एकादशीला वर्ज्यच, ते आमच्या घरचे आणि माझ्या गादीवरचे सांगणे. डॉक्टरांनी एक दार लावले, मी दुसरे लावले. मग तिने काय केले? काहीच खाल्ले नाही. पाणी पिऊन राहिली आणि गोळ्या मात्र वेळेवर दोन्ही वेळा घेतल्या. रात्री हरिपाठ म्हटला, झोपली. द्वादशीला पहाटे पारण्याच्या स्वयंपाकाला उठली आणि चुलीपाशीच कोसळली. अंग घामाने थबथबलेले, शुद्ध नाही. सुनेने आवाज ऐकला म्हणून बरे. शेजारच्या मुलाने जीपमध्ये घालून मेहकरला नेले. साखर ४२ भरली.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, “आजी, काल काय खाल्लं होतं?”

“काई नाई. एकादशी होती ना.”

“मग गोळी कशाला घेतली?”

“गोईत काय धान्य असते?”

डॉक्टर तरुण होते. ते हसलेही नाहीत, रागावलेही नाहीत. नंतर मला म्हणाले, “महाराज, गोळी साखर उतरवते. पोटात काही नसलं तर ती उतरतच जाते. उपवास करायचा असेल तर आधी मला विचारा, मी गोळीची वेळ आणि मात्रा बदलून देईन. पण ज्यांना मी नको म्हणेन त्यांनी करू नये.” एवढी साधी गोष्ट. ती मी गादीवरून एकदाही सांगितली नव्हती.

मी दुपारी पोचलो तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला पाहून पदर सावरला आणि रडू लागली. मला वाटले भीतीने रडते आहे. ती म्हणाली, “दवाखान्यात त्यायनं मले साखर पाजली, बिस्किट चारलं. पारन्याचा नैवेद्य नाई झाला अजून, अन् मी खाल्लं. माही एकादशी मोडली. तुमी रागावू नका.”

माउली, माझ्या अर्धांगीने मरता मरता वाचल्याबद्दल माझी क्षमा मागितली. त्या क्षणी मला श्रावणातली ती मांडीवरची टोपी आठवली.

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. मला शास्त्र ठाऊक होते. विद्यार्थिदशेत पाठ केलेले होते. महाभारतात विदुरनीतीत सांगितले आहे की आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही : पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ रचला. त्यात एकादशीचा अधिकार आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतच्या माणसाला सांगितला आहे. ज्याला निराहार झेपत नाही त्याच्यासाठी पायऱ्या आहेत : दूध, फळ, हविष्यान्न, एक वेळ जेवण. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात तर उघडच सांगितले की अती खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. श्लोकाच्या पहिल्या अर्ध्यावर मी तासभर बोलायचो. दुसऱ्या अर्ध्यावर कधी आलोच नाही. सवलतीला टाळी मिळत नाही, हे त्याचे कारण. दुसरे कारण शोधून पाहिले, सापडले नाही.

घरी आल्यावर मी सौ.ला ही आठ नावे सांगितली. म्हणालो, गुरुवचनाने व्रत मोडत नाही, मी सांगतो, तू एकादशीला खात जा. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “तुमी कवापासून माहे गुरू झाले?”

तिने धान्याला हात लावला नाहीच. पण औषध, दूध, फळ या तीन शब्दांवर ती तयार झाली. मग डॉक्टर, सून आणि ती अशा तिघांनी मिळून एकादशीचे नवे ताट ठरवले. माझे त्यात काम फक्त मान हलवायचे. सकाळी दूध. दहाला राजगिऱ्याची एक पातळ भाकर, दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी, तिला जिरे आणि तूप एक चमचा, मोजून. सोबत काकडीची कोशिंबीर, त्यात कूट चिमूटभर. दुपारी ताक आणि पेरू किंवा पपई. संध्याकाळी पुन्हा भाकर-भाजी, आदल्या वेळेहून लहान. गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. भगर आमच्या घरात एकादशीला चालत नाही. तुमच्याकडे चालत असेल तर दह्यासोबत वाटीभर घ्या, कढईभर नको.

आता साबुदाण्याचे सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो : “महाराज, उसळीशिवाय एकादशी कशी?” साबुदाणा आपला नव्हेच. तो एका कंदाच्या पिठापासून होतो. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आला. त्याचा साबुदाणा करण्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभे राहिले, जेव्हा परदेशातून येणारा माल बंद झाला. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, रताळे, हेही सगळे अमेरिकेकडचे. माउलींनी १२९६ मध्ये समाधी घेतली. कोलंबस त्यानंतर दोनशे वर्षांनी निघाला. म्हणजे ज्ञानोबा-नामदेवांच्या एकादशीत उसळीतले हे जिन्नस नव्हते. हे मला सुनेच्या धाकट्या भावाने दाखवले, तो शेतकी शाळेत शिकवतो. मी आधी चिडलो, मग रात्रभर हसत होतो.

साबुदाणा विष आहे असे मी म्हणत नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात, ज्वारीतही जवळपास तेवढेच. पण ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तेवढाच चोथा असतो. साबुदाण्यात नुसता स्टार्च. त्याला प्रथिने आणायची म्हणून कूट घालतो, कूट कोरडे लागते म्हणून तेल-तूप घालतो, मग ते घशाखाली उतरावे म्हणून दही-साखर. एका उसळीमागे सगळी मिरवणूक चालते. ज्याचे शेतात अंग मोडते त्या तरण्याला ती पचेल. खुर्चीवर बसून मंदिराचा हिशेब लिहिणाऱ्याला नाही.

अन् भगरीचे एक सांगून ठेवतो, कारण ती घटना आपल्याच जिल्ह्यातली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत, माघातल्या एकादशीला, लोणार तालुक्यात सोमठाण्याला सप्ताह चालू होता. भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि रात्री शेकडो माणसे उलट्यांनी बेजार झाली. बिबीच्या रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, बाहेर दोर बांधून त्याला सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ते चित्र वर्तमानपत्रात पाहिले तेव्हा माझ्या पोटात कालवले. त्याच पंगतींत मी आयुष्य काढले. कोणाला दोष द्यायला मी तिथे नव्हतो. पण भगर ओलावा धरते, तिला बुरशी लागते, तिचे सुटे पीठ घेऊन साठवू नये आणि शिजवलेली भगर तासन्‌तास ठेवू नये, हे अन्न व औषध प्रशासन वेळोवेळी सांगत आले आहे. घरात चौघांचे करताना नाक लावून पाहता येते. हजाराचे करताना कोण पाहतो?

त्या बातमीनंतर मी आमच्या गावच्या सप्ताहाच्या बैठकीत दोन गोष्टी मागितल्या. एकादशी मधे आली तर गावजेवण नको, केळी आणि दूध द्या. आणि काल्याच्या महाप्रसादाला बुंदी काढून टाका, वरण-भाकर आणि वांग्याची भाजी करा. आपल्याच तालुक्यात हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीवर लाखोंच्या पंगती उठतात, कोणी गोड मागत नाही. पहिली गोष्ट मान्य झाली. दुसरी नाही. सरपंच म्हणाले, “महाराज, बुंदी नाही म्हटलं तं लेकी-जावाई काय म्हनतीन?” तर बुंदी आहे. मी माझ्या पत्रावळीवर चमचाभर घेतो आणि बाकीची शेजारच्या पोराच्या द्रोणात सरकवतो.

घरात मात्र थोडे पुढे गेलो. सुनेने तेल मोजायला घेतले. आमचा सहा जणांचा पाच किलोचा डबा एकवीस-बावीस दिवसांत रिकामा व्हायचा. तिने डब्यावर तारीख लिहायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात अठ्ठावीस दिवस, मग चौतीस, आता बेचाळीसवर आहे. कशाने? भाजीला पळीने ओतायचे ते चमच्याने घालू लागली, एवढेच. पहिले आठ दिवस मी ताटावर तोंड वाकडे केले. एकदा तर बोललोही, “ही भाजी आहे का दवाखाना?” सौ.ने डोळे वटारले तेव्हा गप्प बसलो. पंधरा दिवसांनी अंबाडीच्या भाजीला अंबाडीची चव आहे असे लक्षात आले. इतकी वर्षे मी तेल आणि लसूणच खात होतो.

तसे पाहिले तर आपल्या वऱ्हाडाला हलके खाणे कोणी शिकवायचे? ज्वारीची भाकर, पातळ पिठले, ताकाची कढी, आंबील, भाजलेल्या वांग्याचे भरीत, ठेचा. शेगावचे महाराज १८७८ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. आजही त्यांचा नैवेद्य म्हटला की पिठले-भाकर. पण आमच्या शेतात सोयाबीन आले, ज्वारी बांधाला गेली आणि मग घरातूनही गेली. सध्या ज्वारी आम्ही विकत आणतो. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी विकत येते, यावर एक कीर्तन होईल, पण ते दुसऱ्याने करावे.

दिवाळीची कथा वेगळी. तीन वर्षांमागे पुण्याच्या मुलाने तेलाशिवाय तळण्याचे यंत्र पाठवले. त्यात सौ.ने चकल्या केल्या. बाहेर आल्या त्या बाभळीच्या काटक्या. नातू म्हणाला, “आजी, याचा टाळ वाजन.” ते यंत्र आता वरच्या फळीवर, नीट झाकून ठेवले आहे. त्यावरून मी इतके शिकलो की पदार्थाचे सोंग करू नये. चकली करायची तर कढईत, पण किलोभर भाजणीची, चार किलोंची नको. चिवडा भाजक्या पोह्यांचा होतो आणि चांगला होतो. अनारसे देवापुढे अकरा, म्हणजे करायचेच अकरा. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या आता एकाच पातेल्यात एकत्र होतात. नैवेद्यात सोळाही आहेत आणि पाने उष्टी पडत नाहीत. आंबील मात्र पूर्वीइतकीच, हंडाभर. पुरणपोळी एक. दुसरी मागितली तर सौ. वाढते, पण आधी माझ्याकडे एकदा पाहते. ते पाहणे मला पुरते.

सुदाम्याचे पोहे मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितले. पुरचुंडीत मूठभर पोहे. देवाने दोन घास घेतले, तिसऱ्याला रुक्मिणीने हात धरला. मी त्याचा अर्थ ऐश्वर्याकडे न्यायचो. आता सौ. माझा हात धरते तेव्हा वेगळाच अर्थ लागतो.

राहिले ते श्रावणातले बाबा. त्यांच्याकडे जायला मला सात वर्षे लागली. आधी कामे होती, मग गळ्याचे दुखणे, मग लाज. खरे तर लाजच आधीपासून होती. गेल्या चैत्रात एसटीने गेलो. बाबा ओट्यावर बसले होते, सुकून काटकी झालेले, पण माळ तीच. त्यांनी मला लगेच ओळखले आणि उठू लागले. मी त्यांना बसवले आणि त्यांच्या पाया पडलो. ते घाबरले. मी म्हणालो, “बाबा, तुम्ही मला एक विचारलं होतं. मी तुमची थट्टा केली. उत्तर मला येत होतं, दिलं नाही.”

त्यांना आठवत होते. “जाऊ द्या, महाराज. लोक हसले, मीबी घरी येऊन हसलो.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “पन चक्कर येतच रायली.”

मी त्यांना आठ गोष्टी सांगितल्या. दूध सांगितले, औषध सांगितले, डॉक्टरांना आधी विचारायचे ते सांगितले. मग विचारले, “बाबा, वय किती आता?”

“आखाडात एक्क्याऐंशी लागन.”

“मग शास्त्राने तुम्ही सुटलात. ऐंशीपर्यंतच आहे.”

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “सुटलो म्हनता? साठ वर्साची सवय हाये. आता सुटून कुठी जाऊ?” मग सुनेला हाक मारली आणि ताक आणायला सांगितले. आम्ही दोघांनी ताक प्यालो. जाताना म्हणाले, “दुधात अर्धी भाकर कुस्करून खातो मंग. पन तुमी हे कीर्तनात सांगा. माह्यासारखे लई हायेत.”

मी गळ्याला हात लावून दाखवला.

“मंग लिवा,” ते म्हणाले.